मोसंबीचा रस लगेच कडू होतो. साखरपुड्याला दीडशे माणसांना काय प्यायला द्यावं?

अंबडची_मोसंबी

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या शेवटी धाकट्या बहिणीचा साखरपुडा आहे. मांडव घरच्या मळ्यातच. माणसं दीडशेच्या आसपास, पाहुणे लातूरकडचे. आमच्या अप्पांनी जाहीर करून टाकलंय : "मोसंबीच्या बागेत बसवून पाहुण्यांना बाटलीतलं काळं पाणी पाजणार असाल तर मी त्या दिवशी पैठणला जातो." अप्पा बोलले की तसंच करतात, म्हणून हा धागा.

मृग बहाराची (पावसाच्या तोंडाशी फुललेली) काही झाडं मुद्दाम राखून ठेवलीत. फळ पिवळं झालंय, रस भरपूर. २०१२-१३ च्या दुष्काळात निम्मी बाग वाळून गेली, उरली ती टँकरच्या पाण्यावर तगली. त्यामुळे याच झाडांचा रस पाहुण्यांच्या हातात पडावा, हा अप्पांचा हट्ट मला कळतो.

अडचण अशी. सोलून, बिया काढून, फोडी मिक्सरमधून फिरवून गाळल्या की रस एकदम गोड. ग्लास भरून ठेवले, माणसं हातपाय धुऊन बसली, गप्पा झाल्या आणि प्यायला घेतला तर घशाशी कडू! साखर वाढवली तर गोड-कडू. वहिनीचं म्हणणं, आदल्या दिवशी रस काढून एक उकळी द्यायची आणि फ्रिजमध्ये ठेवायचा, म्हणजे टिकेल. करून बघावं का?

दुसरं म्हणजे दिवाळीत काढलेला सीताफळाचा गर डीप फ्रीजरला आहे. आईला त्याची बासुंदी करायची आहे. तिसरं, कैऱ्या आहेत : बांधावर एक गावरान झाड, बाकी केसर. रंग, इसेन्स, सोडा यातलं काहीच वापरायचं नाही. आचारी स्वयंपाकाला आहे, पण पेयाचं काम आम्ही बायकाच बघणार. सुचवा.

पुणेरी_पेला

साखरेऐवजी मध घाला आणि बर्फ भरपूर. थंड असलं की कडू कळत नाही.

डोंगरकाठची_काकू

मी अंबाजोगाईची. पोरी, आधी वहिनीला सांग, उकळी द्यायची नाही. बाकीचं वाचलं नाहीस तरी चालेल, पण एवढं सांग.

एका लग्नात केटररनं हेच केलं होतं. रात्रीच रस काढला, नासू नये म्हणून तापवला, सकाळी बर्फ घालून ट्रे फिरवले. वरमाय पहिला घोट घेऊन जी थांबली ती थांबलीच, आणि मांडवाच्या कडेच्या कुंड्यांना त्या दिवशी मोसंबीचं पाणी मिळालं.

याचं कारण समजून घे, म्हणजे उपाय आपोआप कळेल. मोसंबीच्या फोडीवरचा पांढरा पापुद्रा, मधला दांडा आणि बिया यांत एक घटक असतो. त्याला स्वतःची कडू चव नसते. फळ अखंड आहे तोवर तो आपल्या जागी गप्प असतो. रस काढताना पेशी फुटतात, त्याची आंबट रसाशी गाठ पडते आणि हळूहळू त्याचं लिमोनिन तयार होतं. ते मात्र कडूजहर. म्हणून काढल्या-काढल्या गोड आणि थोड्या वेळानं कडू. फळात खोट नाही, तुझ्या हातातही नाही. तापवलं की हेच काम झपाट्यानं होतं, थंड ठेवलं की रेंगाळतं, पण थांबत नाही. कारखानेवाले असला रस खास रेझिनच्या मण्यांतून सोडून कडूपणा उतरवतात. तो उद्योग घरचा नव्हे.

आता तुझ्या हातात काय आहे ते सांगते. मिक्सर बंद. पातं पापुद्रा आणि दांडा दोन्ही भरडतं, मग गाळून उपयोग काय, कडूपणाचं मूळ आधीच रसात उतरलेलं असतं. फळ आडवं कापायचं आणि लिंबू पिळतो तसं हाताच्या यंत्रावर हलक्या हातानं पिळायचं. शेवटचा थेंब काढायचा लोभ नको. पूर्ण पिकलेल्या फळात तो घटक कमी असतो, हिरव्या-कवळ्यात जास्त, तेव्हा तुम्ही फळ झाडावर राखलंत हे उत्तम केलंत. आणि चिमूटभर मीठ. साखर कडूपणावर पांघरूण घालते, मीठ तो खरोखर दबवतं. काळं नको, त्याचा वास मोसंबीला मारतो.

पण दीडशे माणसांना रस देऊच नकोस. व्याही, विहीण, थोरली माणसं, पंचवीसेक ग्लास, तेही समोर पिळून. एका टेबलाशी दोन पोरं यंत्र घेऊन उभी कर. दीडशे मिलिलिटरचा ग्लास धरला तर चार लिटर रस झाला, म्हणजे दहा किलो फळ, गळतीला दोन किलो वर. अप्पांनाच त्या टेबलामागे बसव, पैठणला कोण जातंय मग!

बाकी सगळ्यांना कैरी. माझ्या हिशोबात फळं दोन खात्यांत मांडलेली आहेत : विस्तव मानणारी आणि न मानणारी. कैरी, चिंच, आवळा, कवठ ही मानणारी. तापली की गर सुटतो, कच्चट वास जातो, आंबटपणा जागच्या जागी राहतो, आणि आदल्या दिवशी करून ठेवता येतं. मोसंबी आणि सीताफळ न मानणारी. मोठ्या कार्यात आदल्या दिवशीचं काम पहिल्या खात्यातून काढायचं आणि ऐनवेळचं दुसऱ्या खात्यातून, थोडकं. उलटं केलं की फजिती.

म्हणून सीताफळाचं पण ऐक. गर दुधात घालून आटवायचा नाही. तापला की कडसर होतो आणि रंग विटकरी पडतो. आईला म्हणावं, बासुंदी नेहमीसारखी आटवा, साखर बेताची ठेवा, पूर्ण गार करा, फ्रिजला लावा. गर आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून खाली फ्रिजमध्येच सुटू द्यायचा, ओट्यावर नाही, ओट्यावर तो काळवंडतो. वर तपकिरी थर आला असेल तर चमच्यानं काढून टाकायचा. वाढायच्या आधी गर बासुंदीत नुसता कालवायचा. आणि गरात एखादी बी राहिली असेल तर ती हातानंच शोधून काढा, रवीनं किंवा मिक्सरनं फिरवू नका. सीताफळाची बी विषारी असते, तिची पूड डोळ्यात गेली तर डोळा जायची वेळ येते. आमच्याकडे उवांसाठी ती पूड लावायची पद्धत होती, मी घरात कुणाला लावू दिली नाही.

बीडच्या सीताफळाला आणि तुमच्या जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तुमच्या मांडवात दोन्ही मानकरी आहेत म्हणायचे. जमलं तर बासुंदीला थोडा कुंथलगिरीचा खवा लावा. लातूरचे पाहुणे तो चवीवरून ओळखतील.

भाग्यनगरी_नांदेडकर

अननस-मिल्कशेक का नाही करत? हैदराबादला लग्नात असतोच. पपईपण स्वस्त आहे सध्या.

डोंगरकाठची_काकू

कारण दीडशे ग्लास फाटलेलं दूध कुणी पिणार नाही. न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलिन असतं, पपईत पपेन. दोन्ही दुधातलं प्रथिन तोडतात. पपईचा शेक लगेच पिऊन टाकला तर ठीक, ठेवला की कडवट. अननसाची गंमत मोसंबीच्या उलटी आहे बघा : त्याला साखरपाण्यात चांगलं शिजवलं की तो चाळा थांबतो, मग दुधात चालतो. हैदराबादला डब्यातला अननस वापरत असतील, तो तापवलेलाच असतो. पण जालन्यात एप्रिलमध्ये अननस कशाला?

निलंग्याचा_पाहुणा

आवं, लातूरच्या पाहुण्याला नुसतं मोसंबीचं कवतिक सांगलालाव व्हय! आमच्या पानचिंचोलीच्या चिंचेला बी २०२४ ला मानांकन भेटलंय. वरपक्ष आमचा, मांडवात चिंच पायजे का नको?

चेष्टा सोडा, चिंचेचं सरबत कैरीपेक्षा सोपं पडतं बगा. साधारण धा लिटरला पाऊण किलो चिंच, चिंचोके आन शिरा काढलेली, आन दीड किलो गूळ. चिंच नवी घ्या. औंदाची चिंच लालसर आसती, गेल्या सालाची काळी पडल्याली. काळीनं सरबत डांबरावानी दिसतंय, चवीला बी बसकं. आन घरची मीठ लावून ठिवल्याली आसंल तर वरनं मीठ घालू नका, आदी चाखा.

गरम पाण्यात तासभर भिजवायची, हातानं कोळायची, चाळणीनं गाळायची, गूळ घालून एक उकळी. चिंच कितीबी पिकली तरी तिचा आंबटपणा जात न्हाई, गोडी वाढती आन आंबट तसंच ऱ्हातंय, म्हणून गुळाला हात आखडू नका. मग भाजल्याल्या जिऱ्याची पूड, सुंठ, काळं मीठ. आमची आई वरनं पुदिना कुस्करून टाकती. पाडव्याला कडुलिंबाच्या फुलाचं पाणी करताव नव्हं, तसंच, नुसती फुलं वजा.

भांडं स्टीलचं. आलमिनच्या भगुन्यात चिंच ठिवली की भांडं लख्ख निगतंय, म्हंजी भांड्याचा मळ कुटं गेला ते समजा.

कोकणी_जावई

नांदेडला सासर, कणकवलीला माहेर (हो, मला माहेरच म्हणतात, घरजावई आहे). कोकम विसरलात सगळे. आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली आणली की झालं, उकडणं नको, कोळणं नको.

डोंगरकाठची_काकू

जावईबापू, आगळात मीठ असतं, ते सोलकढीला आणि आमटीला. सरबताला अमृत कोकम, साखरेत मुरवलेलं. मंडळी दुकानातून आगळ आणतात, वर साखर ओततात आणि कोकणाला नावं ठेवतात. कोकम मला आवडतं, पण मळ्यात कैरी लटकत असताना विकत कशाला आणायचं?

अंबडची_मोसंबी

काकू, वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग काकूंनाच बोलवा." 😀 आज थोडी फळं यंत्रावर हलक्या हातानं पिळून बघितली. रस कमी निघाला पण बराच वेळ गोड राहिला, फरक स्पष्ट आहे.

आता पन्ह्याचं नीट प्रमाण द्या ना. उकडायची का भाजायची? गावरान घेऊ की केसर? किती आधी केलं तर चालेल? आणि गूळ की साखर, यावर घरात दोन पक्ष पडलेत.

निलंगेकर भाऊ, चिंच करतेच. व्याह्यांचं नाव कुणी काढू नये.

डोंगरकाठची_काकू

दीडशे माणसं, दोनशे मिलिलिटरचा ग्लास, म्हणजे तीस लिटर. कुणी दुसऱ्यांदा घेतंच, पण चिंचेचं दहा लिटर आहे आणि पंचवीस जण मोसंबीवर जातील, तेव्हा पन्हं तीस लिटरला पुरून उरेल.

कैरी साडेपाच-सहा किलो. गावरान आणि केसर निम्मी-निम्मी घे. नुसती गावरान लई आंबट, गुळाला आवरत नाही, आणि गरापेक्षा रेषाच जास्त. नुसत्या केसरला गर भरपूर, पण पन्ह्याला जो दात आंबवणारा टोक लागतो तो कमी. कोय कडक झालेली कैरी घे, कोवळी घेतलीस तर तुरट लागेल.

भाजलेल्या कैरीचं पन्हं मला जास्त आवडतं. चुलीच्या निखाऱ्यात साल काळी होईतो भाजायची, तो धुराचा वास गुळाशी फार छान जमतो. पण सहा किलो कैऱ्या भाजून त्यांची साल सोलत बसाल तर साखरपुडा बाजूला राहील. एखादा किलो भाजून गरात मिसळ, वास सगळ्याला लागतो. बाकीच्या कुकरला, डब्यात, डब्यात पाणी न घालता, दोन शिट्ट्या. गार झाल्यावर साल-कोय काढून गर हातानं कालवायचा आणि पुरणयंत्रातून काढायचा, रेषा वरच राहतात.

गूळ पाच किलो. साखरवाल्या पक्षाला सांग, साखरेचं पन्हं दिसायला सुरेख, पण उन्हातून आलेल्या माणसाला गुळाचंच लागतं. असं माझं मत, भांडायला मी आहे. गूळ थोड्या पाण्यात विरघळवून आधी गाळून घे, त्यात काडीकचरा आणि कधी कधी वाळू असते. मग गर, गुळाचं पाणी आणि मीठ एकत्र करून मंद आचेवर एकदा खदखदवायचं. इथे विस्तव भिऊ नकोस. हा अर्क स्टीलच्या डब्यात फ्रिजला चार-पाच दिवस सहज राहतो, तेव्हा दोन दिवस आधी करून मोकळी हो. ऐनवेळी थंड पाणी घालायचं, पण एकदम सगळ्याला नाही. पाच-पाच लिटरचं मिसळ आणि दर वेळी चाख.

वेलची-केशर घालणारे घालोत. मी भाजलेलं जिरं, काळं मीठ आणि किंचित मिरपूड घालते. वेलची घातली की पन्हं सणाचं होतं, जिरं घातलं की तहानेचं. एप्रिलमध्ये तुमच्या मळ्यात दुपारी एक वाजता काय पाहिजे ते तूच ठरव.

औंढ्याचा_बेल

बेलाचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. औंढा, परळी, घृष्णेश्वर, तीन ज्योतिर्लिंगं आपल्या मराठवाड्यात, पानं रोज वाहतो आणि फळ सडू देतो. एप्रिल-मेमध्ये बेल पिकतो. फोडून गर पाण्यात दोन तास भिजवायचा, हातानं कालवून जाड चाळणीनं गाळायचा. मिक्सर इथेही नको, बी भरडली की सरबत बिघडतं. बियांभोवतीचा चिकट भाग पाण्यात उतरतो त्यामुळे सरबताला आपोआप दाटपणा येतो. साखर नावाला. विस्तव बिलकूल नको.

डोंगरकाठची_काकू

बरोबर आहे तुमचं. फक्त बेलाच्या वासाची सवय नसलेला माणूस पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतो, म्हणून साखरपुड्याला नको. घरच्या माणसांना मांडव घालायच्या दिवशी द्या, राबणाऱ्याला चांगलं.

पुणेरी_पेला

बर्फाचं मी बोललो होतो ते कुणी विचारात घेतलेलं दिसत नाही.

डोंगरकाठची_काकू

घेतलंय की. बर्फाच्या लाद्या आणाल तर खाण्याचा बर्फ मागून घ्या. खाण्याचा नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आपल्या राज्यात २०१८ पासून आहे, निळसर लादी दिसली तर दारातूनच परत. आणि बर्फ ग्लासात टाकण्यापेक्षा पातेल्याभोवती घमेल्यात ठेवला तर पन्हं पातळ होत नाही, लादी कुठली याची धाकधूकही नाही.

अंबडची_मोसंबी

ठरलं तर मग. आल्या-आल्या माठातलं पाणी, त्यात वाळ्याची जुडी. मग पन्हं आणि चिंच दोन्ही, ज्याला जे हवं ते. मोठ्यांना समोर पिळलेली मोसंबी, टेबलामागे अप्पा (त्यांना सांगितलं, एकदम खूश, आत्ताच नवीन पांढरा सदरा काढायला लावलाय). जेवणात सीताफळाची बासुंदी, गर ऐनवेळी.

एकच शंका. पन्हं माठात भरून ठेवलं तर गार राहील ना? आमच्याकडे मोठे तीन माठ आहेत, मांडवात दिसायलाही छान दिसतील.

डोंगरकाठची_काकू

पाण्याला माठ, पन्ह्याला नाही. माती आंबट-गोड पिते, पुढं कितीही धुतला तरी त्या माठातलं पाणी आंबूस लागतं आणि मुंग्यांची रांग संपत नाही. दिसायलाच हवे असतील तर स्टीलचा डबा माठात उतरव, तोंडाशी ओलं फडकं बांध. वाळ्याची जुडी आधी दोनदा स्वच्छ धुऊन घे, मुळांना माती असते. फोटो टाक नक्की, अप्पांचा सदऱ्यातला.

निलंग्याचा_पाहुणा

आन चिंचेचं पातेलं वरपक्षाच्या बाजूला ठिवा, तुमच्याकडचे लोक मोसंबी सोडून तिकडंच येतेत बगा.